युनिव्हर्सिटीचं काउन्सेलिंग सेंटर: आतल्या मॅडमना पाच स्टार, बाहेरच्या बाकाला एक

सेमिस्टर संपलं, माझे सहा सेशन पण संपले, म्हणून आता बसून नीट लिहितोय. जायच्या आधी मी दोन महिने शोधत होतो की कुणीतरी लिहिलं असेल आत नेमकं काय होतं, तर सगळीकडे तेच, 'मोकळेपणाने बोला', 'तुम्ही एकटे नाही', आणि हातात हात धरलेले फोटो. अरे पण दार कुठलं, फॉर्मवर काय विचारतात, गाईडला कळतं का, घरी फोन जातो का, हे एकजण सांगेल तर शपथ.

मी का गेलो ते थोडक्यात. थीसिसचं दुसरं चॅप्टर चार महिने अडकलेलं, रात्री साडेतीनपर्यंत डोळे टक्क उघडे, आणि एक दिवस लायब्ररीत बसल्याबसल्या छाती धडधडायला लागली, बोटांना मुंग्या, श्वास पुरेना, म्हटलं झालं, हार्ट अटॅकच आला. मेडिकल रूममध्ये ईसीजी काढला तो एकदम नॉर्मल. तिथल्या डॉक्टरांनी कागदाच्या चिठोऱ्यावर एक खोली नंबर लिहून दिला आणि म्हणाले इथे जाऊन ये. ती चिठ्ठी तीन आठवडे पाकिटात पडून होती. मी जात नव्हतो कारण मला वाटायचं माझं एवढं काही नाहीये, ज्यांचं खरंच काही आहे त्यांची जागा कशाला अडवायची. (हे जवळपास प्रत्येकजण म्हणतो म्हणे, मॅडमनी नंतर सांगितलं.)

आता बाक. ह्याच्यावर मी बोलणारच. काउन्सेलिंग सेंटरच्या बाहेर वाट बघायला एक लाकडी बाक ठेवलाय आणि तो बरोबर परीक्षा विभागाच्या खिडकीसमोर आहे. म्हणजे मार्कशीट, रीचेकिंग, बॅकलॉग, सगळ्यांची रांग तुमच्याकडे तोंड करून उभी. आणि तुमच्या डोक्यावर पाटी, मोठ्या अक्षरात, 'मानसिक आरोग्य व समुपदेशन केंद्र'. ज्याने कोणी ही जागा ठरवली त्याला एकदा तिथे वीस मिनिटं बसवा, बस. मी पहिल्यांदा बसलो तेव्हा मी ज्यांचं प्रॅक्टिकल घेतो त्यातलाच एक ज्युनियर रांगेत होता, त्याने हात केला आणि म्हणाला, "सर, तुम्ही पण रीचेकिंगला का?" मी म्हटलं हो. पाटी डोक्यावर, आणि मी हो.

तारीख मिळायला मला 19 दिवस लागले. ऑनलाईन बुकिंग आहे, पण ते पेज मोबाईलवर धड उघडत नाही, शेवटी मी जाऊन वहीत नाव लिहिलं. इथे तीन काउन्सेलर आहेत आणि विद्यार्थी पंधरा हजारांच्या आसपास. आयएसीएस म्हणून एक आंतरराष्ट्रीय संस्था आहे जी युनिव्हर्सिट्यांमधल्या अशा सेंटरांना मान्यता देते, त्यांची बरीच वर्षं शिफारस होती साधारण 1000 ते 1500 विद्यार्थ्यांमागे एक काउन्सेलर. आता करा गणित. त्यामुळे 19 दिवसांचा राग मी त्या तीन बायकांवर काढणार नाही, तो वरच्या मजल्यावर जिथे पदं मंजूर होतात तिथे काढायचा. एक मात्र चांगलं आहे, वहीवर नाव घेताना बाई विचारतात की आज थांबणं जमणार आहे का, की जिवाचं काही बरंवाईट करून घ्यावंसं वाटतंय. तसं असेल तर त्याच दिवशी आत घेतात, रांग नाही तारीख नाही. हे माहीत असू द्या, स्वतःसाठी नाही तर रूममेटसाठी.

सेशनच्या आधी क्लिपबोर्डवर फॉर्म देतात. त्यातला मुख्य भाग म्हणजे पीएचक्यू-9, डिप्रेशन किती आहे ते बघायचे नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांत हे हे किती वेळा झालं, अजिबात नाही, काही दिवस, अर्ध्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. शून्य ते तीन मार्क, टोटल 27 पैकी. आयुष्यात पहिल्यांदा असा पेपर ज्यात कमी मार्क पडले तर चांगलं. झोप, भूक, थकवा, लक्ष लागणं, स्वतःबद्दल वाईट वाटणं असे प्रश्न आहेत, आणि नववा प्रश्न सरळ मरणाच्या विचारांबद्दल आहे. तिथे माझा पेन थांबला. मी 'काही दिवस'वर खूण केली, मग खोडली, मग परत केली. माझे 14 आले. 10 ते 14 म्हणजे मध्यम डिप्रेशन धरतात, पण मॅडमनी पहिलंच सांगितलं की हा निकाल नाहीये, ताप बघायला थर्मामीटर लावतो तसं आहे, ताप कशाचा ते बोलूनच कळणार.

फॉर्मच्या शेवटी एक रिकामा चौकोन असतो, 'अजून काही सांगायचं असल्यास'. मी घाईघाईत लिहिलं होतं, झोप लागत नाही, बाकी ठीक.

आत गेल्यावर मॅडमचा पहिला प्रश्न काय असेल सांगा. "तू म्हणू की तुम्ही?" मी गडबडलोच. इथे प्रोफेसर काय, शिपाई काय, क्लार्क काय, सगळे न विचारता अरेतुरे करतात, आणि ह्या बाई विचारतायत. मी म्हटलं तू चालेल. मग त्यांनी गोपनीयतेचं सांगितलं, पाठ केल्यासारखं नाही, एकेक मुद्दा थांबून. इथलं इथेच राहतं, डिपार्टमेंटला जात नाही, मार्कांच्या फाईलला लागत नाही, घरच्यांना तुझ्या परवानगीशिवाय सांगत नाही. अपवाद, तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल, लहान मुलाला कुणी त्रास देत असेल, किंवा कोर्टाने मागितलं. मग सहीचा कागद. त्यानंतर नवव्या प्रश्नाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "इथे खाडाखोड आहे, त्याच्याबद्दल बोलूया का?" म्हणजे इकडचं तिकडचं नाही, थेट विचारलं, किती वेळा येतो विचार, काही ठरवलंयस का, हाताशी काही आहे का. मला वाटलं होतं हा विषय निघाला की लगेच फोनाफोनी सुरू होईल, तसलं काही नाही. विचार येतो पण करायचं काही ठरवलेलं नाही एवढं कळल्यावर, तसं कधी वाटलंच तर कुणाला फोन करायचा, कुठे जायचं, हे दोघांनी मिळून एका कार्डावर लिहिलं. ते कार्ड अजून पाकिटात आहे, जुन्या चिठ्ठीच्या जागी.

आणि मग त्यांनी तो चौकोन वाचून दाखवला. "झोप लागत नाही, बाकी ठीक. बाकीमध्ये काय काय येतं?" त्यावर मी चाळीस मिनिटं बोललो. सेशन पन्नास मिनिटांचं असतं.

ज्यांना सल्ला हवाय त्यांनी आधीच समजून घ्या, तो मिळत नाही. मी दुसऱ्या सेशनला वैतागून विचारलं की मॅडम तुम्हीच सांगा पीएचडी सोडू का नको, तर त्या म्हणाल्या सोडलीस तर दुसऱ्या दिवशी सकाळी उठून काय करशील ते सांग. मला तेव्हा जाम राग आला होता, म्हटलं ह्याच्यासाठी 19 दिवस थांबलो? नंतर वाचलं तर ह्याच्यामागे कार्ल रॉजर्स ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची परंपरा आहे, उत्तर समोरच्याकडेच असतं, तुम्ही त्याला न जोखता नीट ऐकायचं, आणि गंमत म्हणजे तो स्वतः 1945 पासून 1957 पर्यंत शिकागो युनिव्हर्सिटीच्या काउन्सेलिंग सेंटरलाच होता, म्हणजे ह्या सगळ्याचा बराच भाग आपल्यासारख्याच रडक्या विद्यार्थ्यांसमोर घडलाय.

पण नुसतं ऐकत बसतात असं पण नाही. लायब्ररीतल्या प्रकाराचं त्यांनी जे समजावलं त्यानेच माझी अर्धी भीती गेली. पॅनिक अटॅक साधारण दहा मिनिटांत टोकाला जातो आणि मग उतरायला लागतो. मुंग्या येतात त्या आपण भसाभसा श्वास घेतल्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साईड कमी होतो म्हणून. त्यामुळे 'मोठा श्वास घे' हे जे सगळे सांगतात ते त्या वेळी उलटं पडू शकतं, श्वास सोडायचा वेळ लांबवायचा, चार मोजत घ्यायचा आणि सहा मोजत सोडायचा. त्यानंतर मला दोनदा झालं, एकदा तर सेमिनारमध्ये सगळ्यांसमोर, घड्याळ बघत बसलो, सात मिनिटं. कुणालाच कळलं नाही.

झोपेसाठी नियम दिला की वीसेक मिनिटांत झोप नाही लागली तर अंथरुणातून उठायचं, दुसरीकडे बसायचं, डोळे जड झाले की मगच परत यायचं, आणि काहीही झालं तरी सकाळी उठायची वेळ एकच. हॉस्टेलच्या खोलीत 'दुसरीकडे' म्हणजे कुठे हा प्रश्न मी विचारला. कॉरिडॉरमध्ये खुर्ची टाकून बसलो पहिले आठ दिवस, वॉचमनला वाटलं ह्याला खोलीतून हाकललंय.

सगळ्यात कामाचा निघाला तो तक्ता. एक साधा आडवा कागद, रकाने पाडलेले, काय झालं, मनात काय आलं, ते किती टक्के खरं वाटलं, त्याच्या बाजूने पुरावा, विरुद्ध पुरावा, आता किती टक्के. सीबीटी म्हणतात, म्हणजे आपले विचार तपासून बदलायची थेरपी, त्यातला हा प्रकार, आरन बेक नावाच्या डॉक्टरने 1960 च्या दशकात डिप्रेशनच्या पेशंटबरोबर काम करताना ही पद्धत उभी केली. मला वाटलं शाळेतल्या होमवर्कसारखं काय हे. पहिलं उदाहरण माझ्या गाईडच्या ईमेलचं घेतलं. मी चॅप्टर पाठवलेलं आणि त्यांचं उत्तर दोन शब्दांचं, भेटा उद्या. मनात आलं, हे मला काढून टाकणार. किती खरं, 90 टक्के. बाजूने पुरावा, चॅप्टर उशिरा दिलं. विरुद्ध पुरावा काय, मॅडम गप्प, मी गप्प, भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज, आणि मग मला आठवलं की माझी फेलोशिप मंजूर झाली तेव्हा पण ह्याच माणसाने एवढंच लिहिलं होतं, 'नोंद घेतली'. मी हसलोच. आकडा 40 वर आला. मी म्हटलं शून्य नाही झाला, त्या म्हणाल्या शून्य करायचाच नाहीये, 40 ला झोप येते की नाही बघ. (गाईडने दुसऱ्या दिवशी फक्त रेफरन्सेसच्या फॉरमॅटवरून झापलं.)

तक्रारी. सहा सेशनची मर्यादा आहे, सातवं हवं असेल तर अर्ज करा नाहीतर पुढच्या सेमिस्टरची वाट बघा. माझं सहात भागलं, सगळ्यांचं भागेल असं अजिबात नाही, ज्यांना घरातलं जुनं काही काढून बघायचंय त्यांची तर सहाव्या सेशनला सुरुवात होते. खोलीची भिंत म्हणजे प्लायवूडचं पार्टिशन आहे, पलीकडचे शब्द कळत नाहीत पण रडणं कळतं. परीक्षेच्या आधीचे तीन आठवडे तर नादच सोडा, तारखाच मिळत नाहीत, सेमिस्टरच्या सुरुवातीला नाव घाला. आणि ती 'स्ट्रेस मॅनेजमेंट'ची सामूहिक वर्कशॉप, गेलो होतो एकदा, स्लाईड्स वाचून दाखवल्या, सर्टिफिकेट मिळालं, विषय संपला.

औषधांचं एक सांगतो, कारण लोक गोंधळतात. काउन्सेलर गोळ्या देत नाहीत, त्यासाठी सायकियाट्रिस्ट लागतो, ते इथे आठवड्यातून एकदाच येतात. माझ्या मजल्यावरच्या एकाला मॅडमनीच तिकडे पाठवलं. त्याला आठ दिवसांत फरक पडला नाही म्हणून तो बंद करायला निघाला होता, तर त्याला सांगितलं की डिप्रेशनच्या ह्या गोळ्यांना काही आठवडे लागतातच, आणि मनानेच बंद करायच्या नाहीत. आता तो निवांत घोरतो, मला भिंतीपलीकडून ऐकू येतं.

सहाव्या सेशनला परत तोच फॉर्म, 27 पैकी 6. नवव्या प्रश्नावर खाडाखोड न करता खूण. चॅप्टर अजून पूर्ण नाहीये, ते माझं मी बघेन.

त्या दिवशी बाहेर आलो तर बाकावर तोच ज्युनियर बसलेला, रांगेत नाही, बाकावर. मला बघून एकदम खाली बघायला लागला. मी म्हटलं काय रे, रीचेकिंगला का? तो म्हणाला हो सर. मी शेजारी बसलो, क्लिपबोर्ड त्याच्या मांडीवर होता, नऊ प्रश्न भरून झालेले आणि शेवटचा चौकोन कोरा. म्हटलं तो रिकामा नको सोडूस, मॅडम तो नक्की वाचतात. त्याने पेन मागितला, त्याचा चालत नव्हता.