शेगाव : मन थाऱ्यावर येतं, त्यात झाडणाऱ्या हातांचाही वाटा आहे

शेगावला जाऊन आल्यापासून ओळखीतले लोक मला तेच तेच विचारतायत. राहायची सोय कशी आहे, म्हाताऱ्या माणसाला घेऊन जाणं झेपेल का, आणि तिथं खरंच शांत वाटतं का. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

मी डोंबिवलीची. नोकरी एका रुग्णालयाच्या बिलिंग काउंटरवर. समोर येणारा प्रत्येक जण घरच्या कुणाच्या तरी काळजीत असतो आणि ती काळजी बिलाचा कागद हातात पडला की बाहेर येते. मी ऐकून घेते, कारण त्यांचं चुकतं असं मला कधीच वाटलं नाही. गेल्या वर्षी ह्यांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा काउंटरच्या पलीकडे मीच उभी होते. हे बरे झाले, कामावर जायला लागले, पण माझी झोप गेली ती गेलीच. रात्री दोन-अडीचला जाग यायची आणि ह्यांचा श्वास नीट चाललाय ना, ते बघत पडून राहायचे. सासूबाई मूळच्या अकोटच्या, लहानपणापासून गजानन महाराजांच्या भक्त. त्यांनी हे सगळं न बोलता पाहिलं होतं. एक दिवस म्हणाल्या, "चाल माह्यासंगं शेगावले. महाराजापाशी बस घडीभर, मंग पाहू."

कल्याणहून संध्याकाळी विदर्भ एक्सप्रेस पकडली आणि उजाडायच्या आत शेगावला उतरलो. शेगाव बुलढाणा जिल्ह्यात, मुंबई-नागपूर लोहमार्गावर भुसावळ आणि अकोल्याच्या मधे आहे, त्यामुळे रेल्वेनं जाणं सगळ्यात सोपं. स्टेशनबाहेर गजानन महाराज संस्थानची बस असते, तिला पैसे पडत नाहीत. सासूबाईंचे गुडघे दुखतात, पायऱ्या चढताना वेळ लागतो. मागे उभ्या असलेल्या माणसांपैकी कुणी "चला चला" केलं नाही. बसजवळचा सेवेकरी म्हणाला, "आरामात चढा माउली, बस तुम्हाले सोडून जात नाही."

माउली. शेगावात तुम्हाला दिवसभर याच हाकेनं बोलावलं जातं. चपला ठेवून घेणारा, रांगेत वळण दाखवणारा, पाणी देणारा, सगळे माउलीच म्हणतात. सासूबाईंना सवय होती. मला मात्र दिवसभर "ओ मॅडम, जरा बघा ना" ऐकायची सवय, त्यामुळे पहिल्या दोन-तीन वेळा गळा दाटून आला.

भक्तनिवासात आम्हाला खोली लगेच मिळाली नाही. आम्ही गेलो तेव्हा आगाऊ आरक्षणाची पद्धत नव्हती. जो आधी येईल त्याला आधी, ओळखपत्र दाखवायचं, नोंद करायची आणि आपला नंबर येईपर्यंत थांबायचं. थांबायला बाकं, पंखे, पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह असं सगळं होतं. खोली साधी: दोन पलंग, स्वच्छ चादरी, पंखा, आत न्हाणीघर. टीव्ही नाही, आणि नसलेलाच बरा. भाडं इतकं कमी की स्टेशनजवळच्या लॉजचा विचारही करायचं कारण नाही. न्हाणीघराबद्दल मुद्दाम लिहिते, कारण तीर्थक्षेत्री बाईमाणसाची पहिली काळजी तीच असते. कोपऱ्यात शेवाळ नाही, वास नाही, कडी नीट लागते, बादली घासलेली. यात्रेच्या गावात हे मिळणं किती अवघड, ते प्रवास करणाऱ्या प्रत्येक बाईला माहीत आहे. पूर्णाकाठचा हा सगळा पट्टा खारपाणपट्टा म्हणून ओळखला जातो, विहिरी-बोअरचं पाणी खारट. अशा गावात रोज येणाऱ्या एवढ्या माणसांना प्यायचं स्वच्छ पाणी जागोजागी ठेवणं ही साधी गोष्ट नाही.

आता मुख्य मुद्दा. यापूर्वी मन शांत व्हावं म्हणून मी एका मोठ्या देवस्थानाला गेले होते. नाव सांगत नाही. तिथं रिक्षातून उतरल्यापासून माणसं मागे लागली: पूजेचं ताट घ्या, लवकर दर्शन करून देतो, एवढे द्या, तेवढे द्या. रांगेत एका हातानं पर्स छातीशी धरलेली, दुसऱ्या हातानं सासूबाईंचा दंड. गाभाऱ्यासमोर पोचले तेव्हा देवाकडे बघायचं सोडून मागून येणारा धक्का सांभाळत होते. नमस्कार केला, पण मन बाहेरच राहिलं.

शेगावला असं पहाऱ्यावर राहावं लागत नाही. पैसे मागणारं कुणी भेटलं नाही. द्यायचे असतील तर काउंटरवर जा, द्या, पावती घ्या. पैसे भरून आधी दर्शन घ्यायची सोय मला कुठे दिसली नाही. ज्येष्ठांना बाजूनं पुढे नेतात, व्हीलचेअर मागितली की मिळते. सासूबाईंची व्हीलचेअर ज्यानं ढकलली तो पांढऱ्या कपड्यांतला, टोपी घातलेला सेवेकरी साठीचा असेल. मी विचारलं, इथे नोकरीला का? तर म्हणाला, शेती आहे खामगावकडे. गावातल्या जथ्याबरोबर येतो, नेमून दिलेले दिवस सेवा करतो आणि परत जातो. अशी हजारो माणसं पाळीपाळीनं येतात आणि सेवेची पाळी मिळावी म्हणून वाट बघत थांबतात. ही घडी ज्यांनी बसवली ते शिवशंकरभाऊ पाटील २०२१ मध्ये गेले. वऱ्हाडात अजून सगळे सांगतात, की भाऊ संस्थानचा चहासुद्धा घेत नसत. वरचा माणूस असा असला की खालचा झाडूवालाही वेगळ्या हातानं झाडतो, असं मला तिथं फार जाणवलं.

समाधी खाली भुयारात आहे, वर रामाचं मंदिर. महाराजांनी ८ सप्टेंबर १९१० रोजी, ऋषिपंचमीला समाधी घेतली. संस्थान मात्र त्यांच्या हयातीतच, १९०८ मध्ये स्थापन झालं. पायऱ्या उतरताना संगमरवराचा गारवा तळपायाला लागतो. समाधीपुढे फार वेळ थांबता येत नाही आणि ते योग्यच आहे, मागे शेकडो माणसं असतात. मला मिळाले ते क्षणच. त्यात मी काही मागितलंही नाही, ह्यांचं नाव तेवढं मनात घेतलं. सासूबाईंनी हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाल्या, "आणली बरं महाराज इले." तिथला सेवेकरी हसला नाही, त्यानं मान डोलावली.

खरा वेळ मिळाला तो पारायणाच्या मंडपात. इथं कुणी उठवत नाही. शंभरेक माणसं बसलेली, प्रत्येकापुढे पोथी आणि प्रत्येक जण वेगळ्या अध्यायावर. कुणी पुटपुटतंय, कुणाचे फक्त ओठ हलतायत. माझ्या शेजारी एक बाई बोट ओवीवरून सरकवत वाचत होती, अडलेला शब्द पुन्हा पहिल्यापासून लावत होती. मला एकदम पोथीत लक्ष घालणं जमेना, म्हणून "गण गण गणात बोते" म्हणत बसले. सुरुवातीला जपाच्या मधे मधे काउंटर येत होता: कुणाचं इन्शुरन्सचं पत्र राहिलं, सोमवारी कुणाला फोन करायचाय. मग ते कमी झालं. किती वेळ गेला कळलं नाही, पण डोळे उघडले तेव्हा माझी पर्स हातभर लांब सतरंजीवर पडली होती आणि माझे दोन्ही हात मांडीवर मोकळे होते. लोकलमधून रोज जाणाऱ्या बाईला यात काय झालं ते वेगळं सांगायला नको.

तेव्हा मला कळलं, की प्रार्थनेला मन लागत नाही असं जे मी इतके दिवस म्हणत होते, त्याचं अर्धं कारण जागेत होतं. श्रद्धा आपल्याला आणावी लागते, ती कुठलं संस्थान देऊ शकत नाही. पण माणसाला पैशाची, चपलेची, धक्क्याची, फसवणुकीची भीती राहू नये, एवढं काम जागेनं करायला हवं. शेगाव ते करतं, आणि म्हणूनच या व्यवस्थेला मी भक्तीचाच भाग मानते.

दुपारी महाप्रसाद घेतला. पोळी, भाजी, वरण, भात आणि गोड, सगळं विनामूल्य. वाढणाऱ्यांचा हात सढळ, पण ताटात टाकलेलं चालत नाही, हवं तेवढंच घ्या असं आधीच नम्रपणे सांगतात. आमच्या ओळीत एका लहान मुलाच्या हातून वरणाची वाटी कलंडली. आई त्याच्यावर ओरडायच्या आत एक सेवेकरी ओलं फडकं घेऊन आला, गुडघ्यांवर बसून फरशी पुसली, कोरड्या फडक्यानं पुन्हा पुसली आणि मुलाला दुसरी वाटी आणून दिली. सासूबाई ताटातलं शेवटचं शीत उचलत मला गोष्ट सांगत होत्या, जी त्यांनी घरी कितीदा सांगितली असेल: २३ फेब्रुवारी १८७८, देविदास पातुरकरांकडे जेवणाच्या पंगती उठलेल्या, उष्ट्या पत्रावळी बाहेर टाकलेल्या आणि त्यातली शितं वेचून खाताना महाराज बंकटलाल अग्रवाल आणि दामोदरपंत कुलकर्णी यांना पहिल्यांदा दिसले. डोंबिवलीच्या जेवणाच्या टेबलावर ती एक गोष्ट होती. त्या सभागृहात, शेकडो चाटून पुसून रिकामी केलेली ताटं बघताना, ती मला नव्यानं ऐकू आली.

त्या रात्री भक्तनिवासात मी सरळ सकाळपर्यंत झोपले. घरी आल्यावर रोज तशीच झोप लागते असं नाही, पण रात्री जाग आली की आता मी ह्यांचा श्वास मोजत नाही, जप करते. सकाळच्या लोकलमध्ये दिव्यापासून ठाण्यापर्यंतही तेच. बसायला जागा नसली तरी जप होतो.

जाणाऱ्यांसाठी थोडं. गुरुवार, शनिवार-रविवार आणि सलग सुट्ट्या टाळता आल्या तर टाळा. प्रकटदिन (माघ वद्य सप्तमी), रामनवमी आणि ऋषिपंचमीला प्रचंड गर्दी असते. तो सोहळा पाहायचाच असेल तर जरूर जा, पण निवांत बसायला मिळेल ही अपेक्षा ठेवू नका. एप्रिल-मे महिन्यांत वऱ्हाडातलं ऊन म्हाताऱ्यांना आणि लहान मुलांना सोसत नाही; दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचे दिवस उत्तम. प्रत्येकाचं ओळखपत्र जवळ ठेवा. मंदिरात फोटो काढायचा प्रयत्न करू नका. आनंदसागर, म्हणजे संस्थानचं उद्यान, पाहायचं मनात असेल तर सध्या किती भाग खुला आहे ते भक्तनिवासातच विचारून घ्या. आम्ही गेलो नाही, आम्हाला मंडपातच बसायचं होतं. कचोरी स्टेशनजवळ गरम मिळते, तिखट असते, गाडीत सोबत पाणी असू द्या.

एक दिवसात दर्शन उरकून परत फिरणारे पुष्कळ असतात. माझं सांगणं, की एक रात्र तरी राहा आणि पहाटेच्या काकड आरतीला जा. सासूबाईंच्या गुडघ्यांना ती वेळ जड जाईल अशी मला भीती होती, पण त्या माझ्याआधी आंघोळ करून दाराशी उभ्या होत्या.