वर्षावनातील धबधबा: गटासोबत जावे की स्वतंत्र वाटाड्या घ्यावा?

वर्षावनातील धबधबा पाहून एका दिवसात परतायचे असेल तर सहसा दोन पर्याय समोर येतात: ठरल्या वेळी निघणारा दहा-बारा जणांचा गट, किंवा केवळ आपल्यापुरता घेतलेला वाटाड्या. दरडोई खर्चात गट बहुधा स्वस्त पडतो आणि अनेकांचा निर्णय तिथेच होतो. परंतु मागे केव्हा फिरायचे हे कोण ठरवणार, हा प्रश्न खर्चाच्या आधी विचारायला हवा.

विषुववृत्ताजवळ दिवस वर्षभर साधारण १२ तासांचाच असतो, संधिप्रकाश फार टिकत नाही, आणि झाडांच्या दाट छतातून जमिनीपर्यंत जेमतेम एक-दोन टक्के उजेड झिरपत असल्याने तिथे अंधार आणखी लवकर दाटतो. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नाइस्मिथ यांचा चालण्याच्या वेळेचा १८९२ मधील ठोकताळा, म्हणजे ताशी सुमारे ५ किलोमीटर आणि दर ६०० मीटर चढाईमागे एक तास अधिक, चिखल, उघडी मुळे आणि शेवाळलेले दगड असलेल्या वाटेवर लागू पडत नाही. गटाचा वेग सर्वांत सावकाश चालणाऱ्यावर ठरतो. स्वतंत्र वाटाड्यासोबत मात्र उजाडताच निघून दुपारच्या सरींपूर्वी परतीला लागता येते.

खरा फरक ओढ्याकाठी जाणवतो. डोक्यावर ऊन असतानाही वरच्या अंगाला पाऊस झाला तर पाणी अचानक चढते. नितळ पाणी गढूळ होणे, पालापाचोळा वाहून येणे आणि आवाज वाढणे ही त्याची लक्षणे होत. अशा वेळी दोघा-तिघांना मागे वळवणे सोपे असते, परंतु धबधबा हाकेच्या अंतरावर असताना पैसे भरलेल्या बारा जणांना परत फिरवायला वाटाड्या खंबीरच लागतो.

तरीही गटाची एक बाजू निर्विवाद भक्कम आहे. गटासोबत दोन वाटाडे असतील आणि कुणाचा पाय मुरगळला, तर त्यांच्यापैकी एक जण जखमीपाशी थांबतो आणि दुसरा मदत आणायला जातो. एकट्या वाटाड्याला हे शक्य नसते. त्यामुळे एकट्याने जाणाऱ्याने दोन वाटाडे असलेला गट निवडावा, तर लहान मुले किंवा सावकाश चालणारी मंडळी सोबत असलेल्यांनी स्वतंत्र वाटाड्या घ्यावा. दोन्हींपैकी काहीही ठरवले तरी, धबधबा दिसो वा न दिसो, किती वाजता मागे फिरायचे, ती वेळ आगाऊ रक्कम देण्यापूर्वीच निश्चित करून घ्यावी.