डिस्क उशिरा येते तेव्हा थांबायचं कुणी: रूटडिले, रूटवेट की नोफेल?

लाइट जाऊन आली की सर्व्हर वर येत नाही, पण हाताने रीस्टार्ट केला की सुरळीत चालू होतो. मराठवाड्यात पतसंस्था, आडत दुकान, कोचिंग क्लास किंवा साखर कारखान्याचा वजनकाटा यांचे लिनक्स सर्व्हर सांभाळणाऱ्यांना हे दुखणं ओळखीचं आहे. रीस्टार्टमध्ये डिस्कची वीज सहसा तुटत नाही, प्लॅटर फिरतच राहतात. वीज पूर्ण गेल्यावर मात्र मोठ्या हार्ड डिस्कला वेग धरायला दहा-वीस सेकंद सहज लागतात. पॉवर सप्लायवर एकदम भार नको म्हणून अनेक रेड कंट्रोलर (बऱ्याच डिस्क एकत्र चालवणारी कार्डं) डिस्क एकामागून एक फिरवतात. बाहेरच्या स्टोरेज बॉक्सला तर आधी स्वतःचंच बूट उरकायचं असतं. तोवर कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, डिस्क शोधून पाहिलेली असते आणि ती न सापडल्यामुळे गाडी अडलेली असते.

यावर जे उपाय सुचवले जातात (बूट होताना कर्नलला द्यायचे रूटडिले आणि रूटवेट, डिस्क जोडणीच्या यादीत लिहायचा नोफेल) ते बहुतेक सगळे ‘थोडं थांब’ एवढंच सांगतात. थांबणार कोण, किती वेळ, आणि डिस्क आलीच नाही तर पुढे काय, यात त्यांचा फरक आहे. निवड याच तीन प्रश्नांवर करावी.

आधी खात्री करा

डेबियन किंवा उबुंटूवर रूट डिस्क (जिच्यावर मूळ सिस्टम असते ती) सापडली नाही की इनिटरॅमएफएसचा, म्हणजे सुरुवातीला मेमरीत चढणाऱ्या तात्पुरत्या सिस्टमचा, कमांड देण्यापुरता छोटा शेल समोर येतो. तिथे डिस्कची यादी दाखवणारी ‘बीएलकेआयडी’ कमांड चालवा. डिस्क आता दिसत असेल तर ती फक्त उशिरा आली आहे, ‘एक्झिट’ टाइप केलं की बहुधा बूट पुढे सरकतं. दोन-तीन मिनिटांनीही दिसली नाही तर वाट पाहण्याचा कुठलाच पर्याय कामाचा नाही. ड्रायव्हर इनिटरॅमएफएसमध्ये नसेल, केबल सैल असेल किंवा डिस्कच गेली असेल. ड्रायव्हरचा घोळ असेल तर त्याचं मॉड्यूल इनिटरॅमएफएसच्या यादीत घालून ‘अपडेट-इनिटरॅमएफएस -यू’ चालवावं, रेड हॅटच्या कुळात इनिटरॅमएफएस बनवणाऱ्या ड्रॅकटची ‘ड्रॅकट --फोर्स’. आणखी एक, एफस्टॅबमध्ये (बूटच्या वेळी जोडायच्या डिस्कच्या यादीत) एसडीए, एसडीबी अशी नावं असतील तर ती आधी यूयूआयडीने, म्हणजे डिस्कच्या कायम ओळख क्रमांकाने, बदला. ही नावं डिस्क सापडण्याच्या क्रमावर ठरतात, त्यामुळे उशिरा येणारी डिस्क दुसरीचं नाव घेऊन बसू शकते.

रूट डिस्क: रूटडिले की रूटवेट

रूटशिवाय पुढे जाताच येत नाही, म्हणून इथे सगळ्या मशीनलाच थांबावं लागतं. इनिटरॅमएफएस नसेल आणि कर्नलच रूट जोडत असेल, तर रूटडिले=६० म्हणजे डिस्क तिसऱ्या सेकंदाला आली तरी पूर्ण साठ सेकंद झोप. ‘इनिटरॅमएफएस-टूल्स’ वापरणाऱ्या डेबियन-उबुंटूत मात्र हाच आकडा कमाल मर्यादा म्हणून वापरला जातो. डिस्क दिसली की बूट लगेच पुढे जातं, आणि आकडा दिला नाही तर मर्यादा ३० सेकंदांची असते. त्यामुळे तिथे ९० किंवा १२० लिहायला हात आखडू नका. ड्रॅकटवर याच कामासाठी ‘आरडी.टाइमआउट’ आहे.

रूटवेट कर्नलला मुदतच घालत नाही. डिस्क येईपर्यंत थांब, एवढाच त्याचा अर्थ. रास्पबेरी पायसारख्या, एसडी कार्डवरून चालणाऱ्या यंत्राला ते योग्य आहे. पण तुम्ही लातूरला, सर्व्हर उदगीरच्या शाखेत, आणि डिस्क खरोखरच मेली असेल तर पडद्यावर एक ओळ येऊन मशीन कायमचं थांबून राहील. शाखेतला माणूस फोनवर तुम्हाला काहीच उपयोगाचं वाचून दाखवू शकणार नाही. इनिटरॅमएफएसमध्ये रूटडिलेची मुदत संपल्यावर निदान शेल तरी मिळतो. सर्व्हरसाठी मी रूटडिलेच निवडेन.

डेटा डिस्क: खरा निर्णय इथे आहे

एफस्टॅबमध्ये डेटा डिस्क नेहमीसारखी लिहिली की सिस्टमडी (बूटच्या वेळी सगळ्या सेवा चालू करणारा प्रोग्राम) तिची ९० सेकंद वाट पाहतं. नाही आली तर अख्खं मशीन इमर्जन्सी मोडमध्ये जातं, दुरून लॉगिन करण्याचं एसएसएच चालू होत नाही. एका बॅकअप डिस्कपायी तालुक्याला गाडी काढावी लागते.

म्हणून सगळे ‘नोफेल’ लिहायला सांगतात. बूट अडत नाही, हे खरं. पण नोफेल लिहिलं की बाकीचं बूट त्या डिस्कसाठी थांबतही नाही. डिस्क जोडली जायच्या आधीच डेटाबेस सुरू झाला तर त्याला मूळ डिस्कवरची रिकामी डिरेक्टरी दिसते. काही डेटाबेस चूक दाखवून थांबतात. पण कंटेनरमध्ये चालणारे काही तिथेच नवा, कोरा डेटाबेस तयार करतात. पतसंस्थेत सकाळी दोन तास पावत्या फाडल्यावर कळतं की खाती दिसत नाहीत, आणि त्या दोन तासांच्या नोंदी भलत्याच ठिकाणी गेल्यात. बूट अडलेलं परवडतं, हे परवडत नाही.

त्यामुळे नोफेल एकटं कधीच लिहू नये. डेटाबेसच्या सर्व्हिस युनिटमध्ये (सिस्टमडी ज्यावरून तो चालू करतं त्या फाइलमध्ये) ‘रिक्वायर्समाउंट्सफॉर=’ लिहून डेटाचा पाथ द्यावा. मग मशीन वर येतं, एसएसएच मिळतं, आणि थांबतो फक्त डेटाबेस. बाकी कुणाचा खोळंबा होत नाही, म्हणून ‘एक्स-सिस्टमडी.डिव्हाइस-टाइमआउट’ निर्धास्त पाच मिनिटं ठेवता येतो. त्यातही डिस्क आली नाही तर सर्व्हिस सुरूच होत नाही आणि जर्नलमध्ये, म्हणजे सिस्टमडीच्या लॉगमध्ये, कारण लिहिलेलं सापडतं. डिस्क नंतर आली तर माउंट (डिस्कची जोडणी) आणि सर्व्हिस दोन्ही हाताने चालू करा.

ऑटोमाउंट हा आणखी एक पर्याय, त्यात पहिल्यांदा कुणी फाइल मागितली की डिस्क जोडली जाते. रात्रीच्या बॅकअपला ते फार सोयीचं आहे, डेटाबेसला मी वापरणार नाही. नेटवर्कवरच्या स्टोरेजच्या एफस्टॅबमधल्या ओळीत ‘_नेटडेव्ह’ जोडायला विसरू नका.

यूडेव्ह म्हणजे नवी उपकरणं ओळखणारी यंत्रणा; ‘यूडेव्ह सेटल’ची सर्व्हिस इंटरनेटवरच्या जुन्या उत्तरांत सापडते, ती सोडून द्या. ती आलेल्या घटनांची रांग संपेपर्यंत थांबते. जी डिस्क अजून रांगेतच आलेली नाही तिचं तिला काहीच माहीत नसतं.

सॉफ्टवेअर रेड असेल तर जास्त जपा. एक डिस्क आली आणि तिची जोडीदार मागे राहिली, तर एमडीएडीएमचा (रेड चालवणाऱ्या साधनाचा) टायमर साधारण ३० सेकंदांनी अपुऱ्या डिस्कवरच रेड सुरू करतो. उशिरा आलेली डिस्क बाहेरच राहते, ती पुन्हा जोडून सिंक करावी लागते. हे दर लाइट गेल्यावर होत असेल तर एफस्टॅबमधल्या आकड्यांनी भागणार नाही. बायोसमध्ये ‘वीज आल्यावर आपोआप चालू’ बंद करा, किंवा सोय असेल तर काही मिनिटांचा उशीर लावा. बाहेरचा स्टोरेज बॉक्स आधी आणि सर्व्हर नंतर हा क्रम तर पाळायलाच हवा. पावसाळ्याच्या तोंडावर लाइट दहा मिनिटांत तीनदा जाते-येते, तेव्हाही या उशिराने डिस्क वाचतात.

चाचणी

रीबूट करून तपासू नका, त्यात डिस्क फिरतच असतात. सर्व्हर नीट शटडाउन करा, प्लग काढा, प्लॅटर थांबेपर्यंत दोन मिनिटं जाऊ द्या आणि मग चालू करा. वर आल्यावर ‘डीमेसेज’मध्ये (कर्नलच्या संदेशांच्या यादीत) सगळ्यात शेवटची डिस्क कितव्या सेकंदाला दिसली ते पाहा. त्याच्या तिप्पट आकडा मर्यादा म्हणून लिहा.