बाबांचा एफएम-टू आणि माझा डी-७५०: अकरा महिन्यांनंतर

मागच्या वर्षी मे महिन्यात आईची पंच्याहत्तरी झाली. सदाशिव पेठेतलं घर माणसांनी भरलं होतं, पंच्याहत्तर दिव्यांनी औक्षण झालं आणि मी बाबांच्या निकॉन एफएम-टू या फिल्म कॅमेऱ्यावर दोन रोल काढले. चार दिवसांनी लॅबमधून फोन आला, "मॅडम, तुमचे रोल मशिनमध्ये अडकले होते, थोडं नुकसान झालंय." बहात्तरपैकी नऊ फ्रेम हाती लागल्या, त्याही ओरखडे पडलेल्या. लॅबने पैसे परत केले, त्यांच्याशी भांडण नाही. भाचीच्या मोबाइलमध्ये होते त्या फोटोंवर आम्ही भागवलं. पण त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि डिजिटलवर जायचा, तेवीस वर्षं टाळत आलेला निर्णय मी आठवड्याभरात घेतला.

जूनमध्ये निकॉन डी-७५० हा डिजिटल कॅमेरा सेकंडहँड घेतला. बॉडी अठ्ठेचाळीस हजारांना पडली, शटर काउंट, म्हणजे आधी काढून झालेले फोटो, एकतीस हजार. या मॉडेलचं शटर दीड लाख फोटोंपर्यंत तपासलेलं असतं, त्यामुळे तेवढ्या वापराची मला काळजी वाटली नाही. कॅमेरा २०१४ चा आहे, आज तो जुनाच म्हणायचा. तरी हाच निवडला, कारण घरात बाबांच्या तीन जुन्या मॅन्युअल लेन्स आहेत आणि त्या यावर मीटरसकट, म्हणजे उजेड मोजण्याच्या सोयीसकट चालतात. मेनूत लेन्सचं फोकल लेंग्थ आणि सर्वांत मोठं अ‍ॅपर्चर (उजेड आत येण्याचं भोक) एकदा भरून ठेवायचं, पुढे कॅमेरा ते लक्षात ठेवतो. निकॉनच्या तीन हजार आणि पाच हजार मालिकेतल्या स्वस्त बॉडींवर याच लेन्स बसतात, पण मीटर चालत नाही. घरात जुन्या लेन्स असतील तर दुकानात जायच्या आधी हे नक्की बघा. आणि १९७७ च्या आधीच्या, एआय (निकॉनची अ‍ॅपर्चर मीटरला कळवणारी जोडणी) न केलेल्या लेन्स तर लावूच नका, माउंटपाशी असलेला नाजूक खटका मोडू शकतो.

दुसरं कारण सेन्सरच्या मापाचं. हा सेन्सर पस्तीस एमएम फिल्मच्या फ्रेमएवढा, म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटरच्या आसपास आहे. त्यामुळे पन्नास मिलिमीटरची लेन्स पन्नासचीच राहते. छोट्या सेन्सरवर तीच लेन्स पंच्याहत्तरसारखी वागते, म्हणजे चौकटीत कमी मावतं, आणि वाड्याच्या बोळात उभं राहून फोटो काढणाऱ्याला तो फरक लगेच टोचतो.

पहिले दोन महिने फार वाईट गेले. यात कॅमेऱ्याचा काही दोष नव्हता, माझ्या हाताच्या सवयी आड आल्या. बाबांनी शिकवलं होतं, "फिल्मला उपाशी ठेवू नकोस गं, एक स्टॉप जास्तच दे." एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड. निगेटिव्ह फिल्मसाठी हा सल्ला सोन्यासारखा आहे. जास्त उजेड पडला तरी ती बऱ्यापैकी सांभाळून घेते, कमी पडला तर सावलीतला तपशील फिल्मवर उमटतच नाही आणि मग प्रिंट काढताना काहीही करा, तिथे राखाडी चिखलच दिसतो. म्हणून चारशे आयएसओची (आयएसओ म्हणजे उजेड टिपण्याचा वेग) फिल्म मी कायम मीटरवर दोनशे-अडीचशे ठेवून वापरत आले.

तीच सवय घेऊन मी ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीबरोबर दिवे घाटात गेले. ऊन आणि ढग यांचा लपंडाव चालला होता. सगळीकडे पांढरे सदरे, पांढरी धोतरं, पांढऱ्या टोप्या. एका वळणावर सत्तरीचे एक वारकरी काका कठड्याला टेकून पायातली चप्पल बांधत बसले होते, तिचा अंगठा तुटला होता. ते सुतळीने तो आवळत होते, दात सुतळीवर, मान वाकडी, टाळ गळ्यात लोंबत होते. मी पाच-सहा फोटो घेतले. मागच्या स्क्रीनवर उन्हात काही नीट दिसलं नाही. घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर उघडले, तर चेहरा सुरेख आणि सदरा नुसता पांढरा कागद. एक चुणी नाही, शिवण नाही, पाठीवरचा घामाचा डागही नाही. सॉफ्टवेअरमध्ये हायलाइटची, म्हणजे सर्वांत उजळ भागाची, पट्टी शेवटपर्यंत ओढली, पांढऱ्याचा करडा झाला, चुण्या काही आल्या नाहीत. जिथे सेन्सरची पेटी काठोकाठ भरून सांडली, तिथे माहितीच उरलेली नसते, मग ती परत कुठून येणार?

फिल्म आणि डिजिटल यांच्यातला खरा फरक मला त्या दिवशी कळला. फिल्मवर सावली जपायची, डिजिटलवर पांढरं जपायचं. आता मी उन्हात पाऊण स्टॉप कमीच देते, रॉमध्ये, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या फाइलमध्ये काढते, आणि सावल्या नंतर वर उचलते. या सेन्सरमधून त्या इतक्या स्वच्छ वर येतात की पहिल्यांदा मला ते खरं वाटलं नव्हतं. हायलाइट उडाले की स्क्रीनवर तो भाग लुकलुकतो, ती सोय कायम चालू ठेवा. फिल्मवरून येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच आधी सांगते, मेगापिक्सेलचं बोलणं नंतर.

फोकसचीही सवय मोडावी लागली. एफएम-टूच्या व्ह्यूफाइंडरमध्ये मधोमध चिरलेलं वर्तुळ असतं, दोन अर्ध्या रेघा जुळल्या की फोकस लागला. डी-७५० मध्ये ते नाही. मॅन्युअल लेन्सवर खालच्या पट्टीत एक छोटा ठिपका आणि दोन बाण दिसतात, त्यावर विसंबावं लागतं. एफ/१.८ वर माझे निम्मे फोटो नाकावर जात होते, डोळ्यांवर नाही. सप्टेंबरपर्यंत हात बसला, पण अजूनही ती चिरलेली रेघ मला आठवते.

सप्टेंबरमध्ये विसर्जन आलं आणि पारडं पूर्ण फिरलं. मी दरवर्षी अलका टॉकीजच्या चौकात उभी असते. फिल्मवर रात्री चारशेचा रोल सोळाशेला ढकलायचा, म्हणजे तो सोळाशेचा समजून वापरायचा, एफ/१.८, १/६० वर श्वास रोखून फोटो काढायचा आणि धुताना वेळ वाढवायचा, हा माझा नेम होता. ढोल वाजवणाऱ्याचा चेहरा मिळायचा, टिपरू मात्र नेहमी धुरकट फराटा. या वेळी ६४०० आयएसओ ठेवला. दोन स्टॉप मिळाले ते सगळे शटरला दिले, म्हणजे त्याच अ‍ॅपर्चरवर १/२५०. पहाटे तीनच्या सुमाराला एका पथकातली मुलगी ताशावर होती. फोटोत दोन्ही काड्या हवेत थांबलेल्या, एक काडी टोकाला चिरलेली, तिच्या बोटांना गुंडाळलेली पांढरी चिकटपट्टी गुलालाने गुलाबी झालेली. इतकी वर्षं त्याच चौकात उभी राहून ती चिकटपट्टी मला कधी दिसली नव्हती. नॉइज, म्हणजे रंगीत ठिपक्यांची खरखर आहे, पण मोठ्या प्रिंटमध्येही तो त्रास देत नाही, आणि ढकललेल्या फिल्मच्या दाण्यापेक्षा नक्कीच कमी आहे.

त्याच रात्री एक चूक केली. गर्दीत लेन्स बदलली. गुलालाचे कण आत गेले आणि पुढच्या महिनाभराच्या प्रत्येक फोटोत आकाशात त्याच जागी तेच तीन डाग. फिल्ममध्ये प्रत्येक फ्रेमला नवीन फिल्म येते, कण आला तर एक-दोन फोटो बिघडतात. डिजिटलमध्ये सेन्सर तोच असतो. शेवटी रविवार पेठेतल्या दुरुस्तीवाल्या काकांकडून साफ करून घेतला. मिरवणुकीत एकच लेन्स लावून जावं, घरी येईपर्यंत ती काढू नये.

पैशाचं बोलायचं तर माझा हिशेब सरळ आहे. एक छत्तीसचा रोल, धुलाई आणि स्कॅन मिळून मला पंधराशेच्या आसपास पडतो, म्हणजे एका फोटोला चाळीस रुपयांच्या वर. मी वर्षाला पंचवीसेक रोल काढत होते. बॉडीची किंमत सव्वा-दीड वर्षात वसूल. यावर आणखी काही लिहिण्यासारखं नाही, फक्त जोडीला दोन हार्ड डिस्क आणि चांगली कार्डं लागतात, तो खर्च धरायला विसरू नका.

हार्ड डिस्कवरून आठवलं. डिसेंबरमध्ये एक डिस्क टकटक आवाज करत बंद पडली. दुसरी प्रत होती म्हणून वाचले, तरी ऑगस्टचे फोटो मी तिच्यावर चढवलेच नव्हते, ते गेले. तेव्हापासून कॅमेऱ्यातल्या दोन कार्डांवर एकाच वेळी फोटो जातात, महिन्याच्या शेवटी दोन डिस्कवर प्रती होतात आणि त्यातली एक बहिणीच्या घरी कोथरूडला असते.

त्याच आठवड्यात मी माळ्यावरून बाबांचा निगेटिव्हचा पत्र्याचा डबा काढला. बाबांचे बरेच रोल इंदूचे, उटीच्या सरकारी हिंदुस्थान फोटो फिल्म्सचे. बाहेरचे रोल परवडत नव्हते तेव्हा हौशी लोकांना त्यांचाच आधार असायचा. तो कारखाना आता नाही. डब्यात काही पट्ट्यांवर बुरशीची जाळी दिसली, पुण्याच्या पावसाळ्यात सिलिका जेल न ठेवता डबा ठेवला तर हे होतंच. पण बहुतेक पट्ट्या शाबूत होत्या. चाळीस वर्षांत त्यांची कोणी प्रत काढली नव्हती, कोणी त्यांना वीज पुरवली नव्हती. खिडकीसमोर धरलं की आई दिसत होती, मंडईतल्या पायऱ्यांवर, कडेवर मी. आणि पाकिटांवर बाबांच्या अक्षरात पेन्सिलने लिहिलेलं: "ढगाळ, एफ/८, १२५, एक जास्त दिला."

ते वाचून मी बराच वेळ तशीच बसून राहिले.

त्या पट्ट्यांसाठी डी-७५० चा मला न सुचलेला उपयोग निघाला. निकॉनची पंचावन्नची जुनी मायक्रो लेन्स (अगदी जवळून फोटो काढायची), तिच्यामागे पीके-१३ ही कडी लावली की निगेटिव्ह सेन्सरवर बरोबर एकास एक मापात येते. खाली एलईडीचा पांढरा पाट, वर कॅमेरा, पट्टी सपाट धरायला जुन्या एनलार्जरचा (निगेटिव्हवरून मोठी प्रिंट काढायच्या यंत्राचा) होल्डर. तिरपं होऊ नये म्हणून निगेटिव्हच्या जागी आरसा ठेवून बघायचं, लेन्सचं प्रतिबिंब मधोमध आलं की कॅमेरा सरळ. लॅबच्या स्कॅनपेक्षा किती तरी चांगला निकाल येतो. जानेवारी-फेब्रुवारीत मी सातशेच्या वर निगेटिव्ह अशा उतरवल्या. मंडईतल्या त्या फोटोत आईच्या पिशवीतून डोकावणारी शेपूची जुडी स्पष्ट दिसते. आईला दाखवली तर म्हणाली, "अगं, ह्यांना शेपू अजिबात आवडायची नाही, तरी मी आणायचे."

तर मग फिल्म सोडावी का? माझं मत असं. ज्याच्याकडे एकच कॅमेरा ठेवण्याएवढे पैसे आणि वेळ आहे त्याने डिजिटलच घ्यावा, त्यात मनाला टोचणी लावून घेऊ नये. जे पुन्हा घडणार नाही, मुंज, लग्न, वारी, विसर्जन, ते डिजिटलवरच काढावं. इतरांचे प्रसंग असतील तर फिल्मचा हट्ट म्हणजे त्यांच्या आठवणींशी जुगार आहे, आणि तो मी एकदा हरले आहे. रंगीत फिल्मही मी बंद केली. तिच्यासाठी लॅबवर अवलंबून राहावं लागतं, ३८ अंशांचं रसायन घरी सांभाळणं मला जमत नाही.

ब्लॅक अँड व्हाइट मात्र मी सोडलेली नाही आणि सोडणारही नाही. ती मी न्हाणीघरात स्वतः धुते. इलफर्डचा एचपी फाइव्ह रोल, डी-७६ हा डेव्हलपर पाण्यात एकास एक, २० अंशांवर अकरा मिनिटं. एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हाताला चटका देतं, तेव्हा बादलीत बर्फ घालून अर्धा तास थर्मामीटरकडे बघत बसते. हायपोतून (प्रतिमा पक्की करणाऱ्या रसायनातून) काढलेली ओली पट्टी दोरीवर लटकवली की पहिल्यांदा तिच्याकडे बघण्याचा जो क्षण असतो, तो मला स्क्रीनवर कधीच आला नाही. शिवाय छत्तीसच फोटो आहेत म्हटल्यावर मी समोरच्या माणसाशी जास्त बोलते. डिजिटलवर मी तीनशे फोटो काढते आणि माणसाचं नाव विचारायला विसरते. दिवे घाटातल्या त्या काकांचं नाव मला माहीत नाही. हा दोष माझा आहे हे खरं, पण कोणत्या कॅमेऱ्यामागे मी कशी वागते ते मला आता कळलं आहे.

डिजिटल घेणाऱ्यांना शेवटची एक सूचना: फोटो काढल्याबरोबर स्क्रीनवर दिसायची सोय बंद करून टाका. मी ऑक्टोबरमध्ये केली. मान खाली घालून बघण्याच्या दोन सेकंदांत समोर जे घडतं ते जातं. उजेड बदलला की तेवढं एकदा तपासायचं, बस.

एफएम-टू सध्या रविवार पेठेतल्या काकांकडे आहे, मीटर एक स्टॉप चुकतोय. शटर पूर्ण यांत्रिक असल्यामुळे ते बटणाएवढ्या सेलशिवायही चालतं, पण बाबांच्या कॅमेऱ्याचा मीटर मला बरोबर हवा आहे. गुरुवारी मिळेल. त्याच्या पुढच्या आठवड्यात आईचा शहात्तरावा वाढदिवस. औक्षण आणि सगळ्यांचा एकत्र फोटो डी-७५० वर, दोन्ही कार्डं घालून. जेवणं उरकून सगळे आडवे झाले की आई खिडकीपाशी पेपर घेऊन बसते, ते पाच-सहा फोटो फिल्मवर, आणि रोल मीच धुणार.