‘वाळूत लपलाय, येईल बाहेर’ : रॅस मासे घेताना झालेली फसवणूक

रॅस हा रंगीत समुद्री मासा विकणाऱ्याला सरळ खोटं बोलायची गरजच पडत नाही. हा मासा वाळूत झोपतो, रंग बदलतो, मादीचा नर होतो, पिल्लू आणि मोठा मासा एकाच जातीचे आहेत हे सांगूनही पटत नाही. या सगळ्या गोष्टी खऱ्या आहेत. मला ज्याने फसवलं त्याने याच खऱ्या गोष्टी माझ्या प्रत्येक तक्रारीपुढे उभ्या केल्या आणि गॅरंटीची मुदत टळेपर्यंत वेळ काढला. घरी खाऱ्या पाण्याची रीफ टाकी, म्हणजे जिवंत प्रवाळांची टाकी आहे आणि त्यात रॅस सोडायचा विचार आहे, अशांनी सावध व्हावं म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मी तीन मासे मागवले होते. एक लेपर्ड रॅस, एक फ्लॅशर रॅसचा नर आणि एक चिमुकला लालभडक मासा, पाठीवर काळ्या कडेचे पांढरे ठिपके असलेला. त्याचं नाव यादीत नुसतं ‘रेड रॅस’ असं होतं.

लेपर्डचं आधी सांगते, कारण सगळ्यात जास्त राग मला त्याचाच आहे. मॅक्रोफॅरिंगोडॉन वंशातले हे मासे दिवसभर खडकावरून आणि वाळूवरून कोपेपॉडसारखे (कोळंबीच्या नात्यातले) बारीक जीव टिपत हिंडतात. उपासमार झाली की झपाट्याने खंगतात. रात्री वाळूत शिरून झोपायची यांची सवय. पकडल्यापासून आपल्यापर्यंत येताना मधल्या टाक्यांना वाळू नसेल, तर ते तळाच्या काचेत घुसायला बघतात आणि तोंड फोडून घेतात. माझ्याकडे आलेल्या माशाचा खालचा ओठ सुजून पांढरा पडला होता, पोट खपाटीला गेलेलं होतं आणि समोरून पाहिलं तर डोक्यामागे अंग एकदम चिंचोळं झालेलं दिसत होतं. पिशवी न उघडता फोटो काढून पाठवला. लगेच उत्तर आलं, ‘प्रवासाचा ताण आहे मॅडम. टाकीत सोडा, वाळूत जाईल, काही दिवसांनी आपोआप बाहेर येईल. तोवर वाळू अजिबात उकरू नका.’

सोडल्यावर तो खरोखरच वाळूत गेला. आणि गॅरंटीची अट अशी होती की मासा मेला तर 24 तासांच्या आत मेलेल्या माशाचा फोटो पाठवायचा. वाळूखालच्या माशाचा फोटो कुठून आणायचा? विचारलं की उत्तर एकच, ‘थांबा, लेपर्ड असेच असतात.’

मग एका संध्याकाळी दिवे मंद झाल्यावर टाकीच्या एका कोपऱ्यात नॅसॅरियस गोगलगायी एकामागून एक वाळूतून वर आल्या आणि सोंडेसारख्या नळ्या पुढे काढून एकाच जागेकडे सरकायला लागल्या. मी खायला काही टाकलेलं नव्हतं. या गोगलगायी मेलेल्या मांसाच्या वासावर येतात. मागोमाग रिकाम्या शंखात राहणारे हर्मिट खेकडेही आले. तिथली वाळू उकरली तेव्हा हाती लागला तो कण्याचा तुकडा आणि डोक्याची हाडं. त्याचाही फोटो पाठवला. ‘मुदत संपली,’ एवढंच उत्तर आलं.

यातलं खरं किती? धडधाकट लेपर्ड नव्या टाकीत काही दिवस, कधी आठवडाभरसुद्धा वाळूत राहू शकतो. बाहेर आला तरी भलत्याच वेळी येतो, कारण त्याचं घड्याळ अजून जुन्या ठिकाणच्या दिवस-रात्रीवर चाललेलं असतं. पण हे सगळं धडधाकट माशाबद्दल झालं. फाटलेल्या ओठाच्या आणि आत गेलेल्या पोटाच्या माशाला वाळूत जाऊ द्यायला सांगणं म्हणजे पुरावा पुरून टाकायला सांगणं. म्हणून आता माझ्याकडे आलेला कुठलाही वाळूत झोपणारा रॅस आधी वेगळ्या छोट्या टाकीत जातो. तिथे तळाला वाळू पसरत नाही, काचेच्या एका पसरट भांड्यात दोन-तीन इंच बारीक वाळू भरून ठेवते. मासा त्यातच शिरतो. खाली काच असल्यामुळे तो कुठे आहे हे पाहता येतं, आणि गेलाच तर शव हाती लागतं.

फ्लॅशरचं थोडक्यात सांगते. जाहिरातीतल्या फोटोत पाठीच्या पराचे धागे उभारलेला, निळ्या-नारिंगी रंगांनी पेटलेला नर होता. पिशवीत आली ती फिकट गुलाबी मादी. ‘मादीचाच नर होतो, रंग भरेल,’ असं उत्तर मिळालं. रॅसमध्ये मादीचा नर होतो हे बरोबर. पण कधी होईल आणि होईल की नाही, याची हमी कुणीही देऊ शकत नाही. त्यात फ्लॅशरच्या वेगवेगळ्या जातींच्या माद्या एकमेकींशी इतक्या मिळत्याजुळत्या असतात की फोटोतल्याच जातीची मादी आली का, हेही सांगणं अवघड. शिवाय तो फोटो निळ्या दिव्याखालचा होता. निळ्या उजेडात माशाचे खरे रंग कळत नाहीत, फेअरी रॅस या फ्लॅशरच्या जवळच्या गटातल्या काही माशांच्या अंगावर तर लाल चमकच येते. व्हिडिओ मागायचा तो पांढऱ्या उजेडातला, त्याच दिवशीचा आणि मासा खाताना दिसेल असा. खाणारा मासा दाखवायला कुणाला अडचण असायचं कारण नाही.

आता तो लाल मासा. तो उत्तम खात होता, चपळ होता, आणि विकत घेण्याआधी मी स्पष्ट विचारलं होतं की हा केवढा होतो आणि रीफ टाकीत चालतो का. लेखी उत्तर माझ्याकडे आहे, ‘तीन इंचांच्या वर जात नाही, पूर्ण रीफ सेफ.’ म्हणजे प्रवाळांना आणि टाकीतल्या इतर जिवांना त्रास न देणारा. काही महिन्यांत त्याच्या पाठीवरचे पांढरे ठिपके विरत गेले, लाल अंग हिरवट-तपकिरी होत गेलं, मागच्या भागावर चमकदार निळे टिपके उमटले आणि शेपटी पिवळीधमक झाली. तो कोरिस गेमार्ड निघाला. समुद्रात हा मासा 40 सेंटिमीटरपर्यंत वाढतो. गोगलगायी, शिंपले, खेकडे हेच त्याचं खाणं, आणि ते शोधायला तो तोंडाने दगड उलटे करतो. माझ्या टाकीत त्याने आधी हर्मिट खेकडे संपवले, मग गोगलगायी. त्यानंतर प्रवाळांचे फ्रॅग, म्हणजे लावलेले छोटे तुकडे, पायासकट उचलून वाळूत तोंडावर पाडायला लागला. त्यात माशाचा काहीच दोष नाही, तो त्याच्या स्वभावाप्रमाणे वागत होता.

यावर विक्रेता म्हणाला, रॅसच्या नावांत शास्त्रज्ञांचेही घोळ होतात, आम्ही काय करणार. घोळ होतात हे खरंच आहे. मालदीवच्या समुद्रातला एक देखणा गुलाबी फेअरी रॅस 1990च्या दशकापासून भलत्याच जातीचा प्रौढ मासा समजला जात होता. 2022 मध्ये त्याला सिऱ्हिलॅब्रस फिनिफेनमा हे स्वतःचं नाव मिळालं. पण त्यासाठी खवले मोजावे लागले, पराच्या काट्याची उंची मापावी लागली. कोरिस गेमार्डच्या पिल्लाचं तसं नाही. लाल अंग, पाठीवर काळ्या कडेचे पांढरे ठिपके हे वर्णन माशांच्या कुठल्याही बऱ्या मार्गदर्शक पुस्तकात सापडतं. रोज मासे विकणाऱ्याला ते ठाऊक नसेल हे मला पटत नाही. आणि ठाऊक नव्हतंच, तर ‘तीन इंचांच्या वर जात नाही’ हे त्याने कशाच्या आधारावर लिहून दिलं?

पैसे परत मिळाले नाहीत. कोरिसला खूप मोठी, फक्त माशांचीच टाकी असलेल्या एका ओळखीच्यांकडे दिलं, तिथे तो मजेत आहे. त्यानंतर दुसऱ्या एका विक्रेत्याकडे लेपर्ड रॅसची चौकशी केली. त्याने मासा वाळूच्या टाकीत ठेवून गोठवलेले मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) खायला शिकवले, समोरून, बाजूने आणि वरून काढलेले व्हिडिओ पाठवले आणि पोट भरून येईपर्यंत स्वतःच पाठवायला नकार दिला. गॅरंटीची मुदत पिशवी उघडल्यापासून न धरता मासा वाळूतून वर आल्यापासून धरायचं त्याने लेखी कबूल केलं. बिलावर शास्त्रीय नाव पूर्ण लिहिलं होतं, कारण ‘रेड रॅस’ या नावाखाली डझनभर मासे खपतात आणि तक्रार करायला गेलं की त्यातला कुठलाही एक तुमच्या गळ्यात मारता येतो. व्हिडिओ, गॅरंटीची लेखी अट आणि बिलावर शास्त्रीय नाव, ही तिन्ही कामं करायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडे मासा कितीही सुंदर असो, पैसे पाठवू नका.