एचटॉप: आठ महिने रोज वापरल्यानंतर

लिनक्सचं मशीन मंदावलं की मी आधी 'टॉप' उघडायचो, म्हणजे चालू प्रोसेसची (सुरू असलेल्या प्रोग्रामांची) आणि त्यांच्या सीपीयू-मेमरी वापराची यादी दाखवणारा प्रोग्राम. दर काही सेकंदांनी यादीची उलटापालट व्हायची आणि हवी ती प्रोसेस नजरेत येईपर्यंत खाली सरकलेली असायची. म्हणून त्याच कामाचं एचटॉप घेतलं. हिशाम मुहम्मद यांनी २००४ मध्ये सुरू केलेला हा प्रोग्राम २०२० च्या ३.० आवृत्तीपासून नवी मंडळी सांभाळतात. आता तो माझ्या एका टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) कायम उघडा असतो.

पहिल्याच दिवशी घाबरलो, कारण मेमरीची पट्टी जवळजवळ भरलेली दिसली. नंतर रंग कळले. हिरवा भाग म्हणजे खरोखर वापरात असलेली मेमरी, पिवळा म्हणजे फाइलींची कॅशे (पुन्हा लागतील म्हणून मेमरीत ठेवलेल्या प्रती). रिकामी मेमरी पडून राहू नये म्हणून कर्नल (लिनक्सचा गाभा) ती कॅशेला देतो आणि गरज पडली की बरीचशी परत घेतो. पिवळं पाहून आता मी काहीच बंद करत नाही.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो एस रकान्याचा, म्हणजे प्रोसेसच्या स्थितीचा. तिसऱ्या महिन्यात एक सर्व्हर अक्षरशः रांगत होता. चार कोअर, सीपीयूच्या चारही पट्ट्या जवळपास रिकाम्या, आणि लोड अ‍ॅव्हरेज, म्हणजे काम करणाऱ्या आणि वाट बघणाऱ्या प्रोसेसची सरासरी संख्या, मात्र ९! सीपीयू मोकळा असताना लोड येतो कुठून? मी तासभर सीपीयूच्या टक्केवारीकडेच बघत बसलो. मग यादीत आठ-नऊ ठिकाणी 'डी' दिसला. 'डी' स्थितीतली प्रोसेस डिस्कसारख्या एखाद्या गोष्टीची वाट बघत अडकलेली असते, आणि लिनक्स अशा प्रोसेससुद्धा लोडमध्ये मोजतं. त्यांना ९ नंबरचा सिग्नल, म्हणजे तडकाफडकी बंद करायचा हुकूम, दिला तरी त्या अडकून आहेत तोवर हलत नाहीत. कर्नलचा लॉग (नोंदींची फाइल) उघडला तर डिस्क वाचताना चुका येत होत्या. डेटा वेळेत दुसरीकडे हलवता आला, याचं मला आजही फार समाधान वाटतं.

एफ५ दाबल्यावर कोणती प्रोसेस कुणी सुरू केली ते दाखवणारं झाड दिसतं, तेही तितकंच आवडतं. एक प्रोसेस मारली की लगेच तशीच दुसरी उभी राहायची. झाडात तिला सुरू करणारी पालक प्रोसेस दिसली आणि कोडं सुटलं. मारायचं तर एफ९, पण तिथे आधीपासून निवडलेला १५ नंबरचा सिग्नलच पाठवा. त्यात प्रोसेसला आवराआवर करायला वेळ मिळतो. मी एकदा घाईत ९ पाठवला आणि अर्धवट लिहिलेली फाइल हाती आली.

तक्रारीही आहेत. एकाच प्रोसेसचे थ्रेड (तिच्यातली समांतर चालणारी कामं) वेगवेगळ्या ओळींत दिसतात आणि प्रत्येकीसमोर मेमरीचा तोच आकडा असतो, त्यामुळे नवख्याला वाटतं की एकच प्रोग्राम सगळी मेमरी खातोय. मोठा 'एच' दाबून त्या ओळी लपवता येतात, पण हे कुणीतरी सांगावं लागतं. एचटॉपमधून बाहेर पडायचं बटण एफ१०, पण काही टर्मिनल ते स्वतःच्या मेनूसाठी घेतात, तेव्हा बाहेर पडायला 'क्यू' वापरा.

प्रोसेसची यादी एकदाच छापणाऱ्या 'पीएस' या जुन्या कमांडची सुट्टी मात्र झालेली नाही. दोघांचे सीपीयूचे आकडे जुळत नाहीत म्हणून मी बरेच दिवस गोंधळलो होतो. पीएस प्रोसेस सुरू झाल्यापासूनची सरासरी दाखवतं, एचटॉप मागच्या काही क्षणांपुरतं बोलतं. दहा दिवस शांत असलेली प्रोसेस आत्ता पेटली, तर पीएसमध्ये ती गरीब गाय दिसते.

मोठी उणीव एकच: एचटॉपला काल आठवत नाही. पहाटे तीन वाजता काय झालं, ते सकाळी विचारून उपयोग नाही. त्यासाठी मी क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या सोयीतून) दर पाच मिनिटांनी पीएसची यादी फाइलमध्ये उतरवतो, स्थितीच्या रकान्यासकट. सकाळी आधी त्या फाइलींत 'डी' शोधतो, मग एचटॉपकडे वळतो.