बॅक्लोफेन पंप : वर्ष उलटल्यानंतरचा अनुभव

मणक्याच्या दुखापतीनंतर माझे पाय लुळे नाही, ताठ झाले. व्हीलचेअरला खड्ड्याचा धक्का बसला की डावा पाय फूटरेस्टवरून उडायचा. रात्री कूस बदलली की दोन्ही गुडघे छातीकडे ओढले जायचे. स्नायूंचा ताठपणा कमी करणाऱ्या बॅक्लोफेनच्या गोळ्या वाढवत नेल्या, तर पाय होते तसेच आणि मी जेवणाच्या ताटावर पेंगायला लागलो. शेवटी पंप बसवला. त्याला वर्ष होऊन गेलंय, तेव्हा आता लिहायला हरकत नाही.

टायटॅनियमचा हा पंप बूटपॉलिशच्या मोठ्या डबीएवढा असतो आणि पोटाच्या कातडीखाली बसवतात. त्यातून निघालेली बारीक नळी कमरेला वळसा घालून मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात सोडतात. औषध तेच, बॅक्लोफेन. पण गोळीतलं औषध अंगभर फिरतं आणि जिथे हवं तिथे जेमतेम पोचतं; पंपातलं थेट तिथेच पडतं. म्हणून गोळ्यांचा हिशेब मिलिग्रॅममध्ये आणि पंपाचा मायक्रोग्रॅममध्ये. अमेरिकेत याला 1992 मध्येच मान्यता मिळाली, त्यामुळे ‘प्रयोग करताहेत तुझ्यावर’ म्हणणाऱ्या नातेवाइकांकडे खुशाल दुर्लक्ष करा.

आधी टेस्ट डोस असतो. कमरेतून सुई घालून 50 मायक्रोग्रॅम दिले आणि काही तासांत पाय सैल पडले. फिजिओने गुडघा वाकवला तर निमूट वाकला. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. मी मात्र टरकलो. पलंगावरून खुर्चीत जाताना मी क्षणभर त्या ताठपणावरच तर उभा राहायचो!

पंप घ्यायचा विचार असणाऱ्यांना म्हणून पहिलं हेच सांगतो, की ताठपणा सगळा घालवायचा नसतो, किती राखायचा ते ठरवायचं असतं. सुरुवातीचे महिने त्यातच गेले. डोस वाढवला की रात्र शांत, पण सकाळी मला उचलायला दोन माणसं. कमी केला की उलटं. मग डॉक्टरांनी औषध सोडण्याचा दिवसाचा वेग वेगळा आणि रात्रीचा वेगळा असा प्रोग्रॅम लावून दिला. पोट कापावं लागत नाही, बाहेरून यंत्र टेकवून सगळं बदलता येतं. टेस्ट डोसच्या वेळी आपला फिजिओ शेजारी हवाच. सर्जनला पाय सैल झालेला दिसतो, आपण खुर्चीत कसे जातो ते फिजिओलाच माहीत असतं.

रिफिल ओपीडीतच होतं. पोटावर साचा ठेवून पंपाचा मधला भाग शोधतात आणि सुई घालतात. ती तळाला टेकते तेव्हा आतून टक्‌ असं जाणवतं. मग उरलेलं औषध सिरिंजमध्ये ओढून घेतात आणि यंत्राच्या हिशेबाशी ताडून बघतात. फार तफावत निघाली तर पंपात काहीतरी गडबड. मी दर वेळी तो आकडा स्वतः वाचतो.

रिफिलची तारीख मात्र देवाच्या वारासारखी पाळायची. औषध अचानक बंद पडलं तर अंगाला खाज सुटते, ताप चढतो, ताठपणा पूर्वीपेक्षाही वाढतो आणि जिवावर बेतू शकतं. औषध संपत आलं की पंप बीप करतो, पण त्याच्या भरवशावर राहू नये. गावाकडे एकदा साध्या तापासाठी गेलो, तर तिथल्या डॉक्टरांनी असा पंप कधी पाहिलाच नव्हता. तेव्हापासून पंपाचं कार्ड आणि डॉक्टरांची चिठ्ठी पाकिटातच असते. एमआरआय करायचा झाला तर आधी सांगावं लागतं; चुंबकामुळे पंप तेवढा वेळ थांबतो आणि नंतर पुन्हा सुरू झाला की नाही ते तपासून घ्यावं लागतं.

तक्रारी? बद्धकोष्ठ वाढलं. पँटचा पट्टा पंपावर घासतो, म्हणून नाडीची पँट घालतो. आणि खर्च. तो लाखांतला आहे, वर रिफिलचं औषध वेगळं, आणि काही वर्षांनी बॅटरी संपली की अख्खा पंपच बदलायचा. एकाच हाताचा किंवा पोटरीचा प्रश्न असेल तर आधी बोटॉक्सबद्दल (थेट ताठ स्नायूत देतात ते इंजेक्शन) विचारा, एवढ्या खटाटोपाची गरज नसेलही.

गोळ्या आता बंद आहेत आणि दुपारी जागा असतो. पहाटे अजून एखादा झटका येतो, त्यामुळे पुढच्या रिफिलला रात्रीचा वेग थोडा वाढवून मागणार आहे. दिवसाच्या वेगाला हात लावू देणार नाही.